मुद्दाम नाही केलं हो!

नमस्कार मंडळी! आज विषय घेतलाय तो सगळ्या भांडणांत येणारा. कुणाचं काही नुकसान झालं की आपण पहिलं काय म्हणतो, "अहो, मुद्दाम नाही केलं". आणि समोरचा म्हणतो मुद्दामच केलंस. आता हे ठरवायचं कुणी, करणाऱ्याने की ज्याला भोगावं लागलं त्याने?

2003 मध्ये जोशुआ नोब या अमेरिकन फिलॉसॉफरने मॅनहॅटनच्या एका बागेत लोकांना गाठून एक छोटी गोष्ट वाचायला दिली. कंपनीच्या चेअरमनला सांगितलं जातं की साहेब, नवीन प्रोग्रॅमने नफा वाढेल पण पर्यावरणाची वाट लागेल, आणि साहेब म्हणतात पर्यावरणाचं मला काही पडलेलं नाही, नफा हवाय, करा सुरू. वाट लागतेच. मुद्दाम लावली का? 82 टक्के लोक म्हणाले हो. मग दुसऱ्या लोकांना तीच गोष्ट दिली, फक्त 'वाट लागेल' च्या जागी 'फायदा होईल'. साहेब तेच, बेफिकिरी तीच. पण यावेळी 77 टक्के म्हणाले, छे, मुद्दाम कुठे केलं!

म्हणजे बघा, साहेबाच्या डोक्यात दोन्ही वेळा एकच, नफा. बदलला तो फक्त परिणाम, आणि तेवढ्यावर आपण त्याचा हेतूही बदलून टाकला.

याच्या बरंच आधी, 1957 मध्ये, एलिझाबेथ अॅन्सकोम या ब्रिटिश फिलॉसॉफर बाईंनी हेतू या विषयावर एक छोटंसं पण डोकं खाणारं पुस्तक लिहिलं (मला दोनदा वाचूनही अर्धंच झेपतं, असो). त्यात एक माणूस पंप मारत असतो. हात वर, हात खाली. पाणी घराच्या टाकीत चढतंय, आणि त्या पाण्यात कुणीतरी विष कालवलंय. आता हा काय करतोय? हात हलवतोय, पाणी चढवतोय, का आतल्या लोकांना मारतोय? हालचाल एकच हो, वर्णनं तीन. बाई म्हणतात त्याला "का?" असं विचारत जा, उत्तरातून हेतू कळतो. आणि समजा तो म्हणाला, विष आहे ते माहितीये मला, पण मला त्याचं काय, मी आपलं रोजचं काम करून पैसे घेतो, तर? तर विष देणं हा त्याचा हेतू नव्हता हे बाई मान्य करतात, पण म्हणून तो खुनाच्या दोषातून सुटला असं अजिबात नाही.

मला हे पटतं, कारण आपण हेतू आणि दोष एकाच गाठोड्यात बांधतो आणि मग मुद्दाम की चुकून यावरच तासभर भांडत बसतो, खरं तर "तुला माहीत होतं का" हे आधी विचारलं तर अर्धं भांडण तिथेच संपेल. अर्थात काही अभ्यासक म्हणतात की बागेतल्या लोकांना साहेबाला फक्त दोष द्यायचा होता, तो राग 'मुद्दाम' च्या उत्तरात उतरला. असेलही. पण मग फायदा झाला तेव्हा त्याच साहेबाला कुणी शाबासकी का दिली नाही, हे मला अजून नीट सुटलेलं नाही.