बालपणीच्या ल्युकेमियाची जन्माआधीची सुरुवात

तीन-चार वर्षांच्या मुलाला ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कर्करोग, झाल्याचे निदान होते, तेव्हा मूल बरे होईल ना, हा आईवडिलांचा पहिला प्रश्न असतो. त्याचे उत्तर आज पुष्कळ आशादायक आहे, कारण लहान मुलांत सर्वाधिक आढळणाऱ्या लिम्फोब्लास्टिक (अपरिपक्व पांढऱ्या रक्तपेशींच्या) प्रकारात योग्य उपचार मिळाल्यास दहांपैकी सुमारे नऊ मुले बरी होतात. काही दिवसांनी दुसरा प्रश्न येतो: हे कधी सुरू झाले, आणि आमच्या हातून काही चुकले का? आज मी या दुसऱ्या प्रश्नाबद्दलच बोलणार आहे, कारण त्याचे अर्धवट उत्तर विशेषतः आईच्या मनावर आयुष्यभराचे ओझे टाकू शकते.

अनेक मुलांमध्ये या आजाराचा पहिला टप्पा मूल गर्भात असतानाच घडलेला असतो. याचा सर्वांत ठोस पुरावा एकसारख्या जुळ्यांकडून मिळाला. ल्युकेमियाच्या पेशीत बहुधा दोन गुणसूत्रे तुटून चुकीच्या जोडीने सांधलेली असतात आणि त्या सांध्यावर दोन जनुकांचे मिळून एक नवेच जनुक तयार झालेले असते. गुणसूत्र डीएनएच्या नेमक्या कोणत्या अक्षरापाशी तुटले, हे प्रत्येक रुग्णात वेगळे असते. दोन अनोळखी मुलांत तो सांधा अक्षरशः सारखा सापडणे जवळजवळ अशक्यच. १९९३ मध्ये लंडनमधील ल्युकेमियाचे संशोधक मेल ग्रीव्ह्ज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ल्युकेमिया झालेल्या तान्ह्या जुळ्यांच्या जोड्या तपासल्या, तेव्हा प्रत्येक जोडीतील दोन्ही बाळांमध्ये एमएलएल या जनुकातील सांधा तंतोतंत तोच निघाला. तो आईवडिलांकडून आलेला असता तर बाळांच्या शरीरातील सर्व पेशींत दिसायला हवा होता, पण निरोगी पेशींत तो नव्हता. याचा अर्थ असा, की एका गर्भातील एकाच पेशीत तो बदल घडला आणि तिच्यापासून झालेल्या पेशी सामायिक वारेतील रक्तवाहिन्यांमधून दुसऱ्या गर्भात पोहोचल्या. एका भावंडाचा आजार दुसऱ्यात जातो तो या वाटेने, वंशपरंपरेने नव्हे.

ज्यांना जुळे भावंड नाही अशा मुलांचे काय? यासाठी संशोधक एका जुन्या साठ्याकडे वळले. रॉबर्ट गथ्री यांनी १९६०च्या दशकात रूढ केलेल्या पद्धतीनुसार नवजात बाळाच्या टाचेतून रक्ताचे काही थेंब कागदावर घेऊन चयापचयाच्या विकारांसाठी तपासले जातात, आणि अनेक ठिकाणी हे कागद वर्षानुवर्षे जपून ठेवलेले असतात. निदानाच्या वेळी मुलाच्या ल्युकेमियातील नेमका सांधा शोधायचा आणि तोच त्याच्या जन्मवेळच्या वाळलेल्या रक्तात आहे का, हे पाहायचे. १९९७ मध्ये तान्ह्या बाळांच्या आणि १९९९ मध्ये थोड्या मोठ्या मुलांच्या बाबतीत तो सापडला. मोठ्या मुलांतील हा सांधा १२व्या गुणसूत्रावरील ईटीव्ही-६ आणि २१व्या गुणसूत्रावरील रनएक्स-१ या जनुकांचा होता. बी-पेशींच्या (प्रतिपिंडे बनवणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशींच्या) ल्युकेमियात साधारण चौथ्या हिश्श्याच्या मुलांमध्ये तो आढळतो.

इथवर ऐकून कोणालाही वाटेल, की मग आजार जन्मतःच ठरलेला असतो. मला मात्र पुढची गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात निरोगी नवजात बाळांच्या नाळेतील रक्त तपासले गेले, आणि शंभरातील सुमारे एका बाळात ईटीव्ही-६ व रनएक्स-१ यांचे जोडजनुक दिसले. नंतरच्या एका पद्धतीने हे प्रमाण त्याहूनही बरेच जास्त आढळले. हे जोडजनुक असलेला ल्युकेमिया मात्र साधारण दहा हजारांत एका मुलाला होतो. म्हणजे पहिला बदल घेऊन जन्मलेल्या शंभर बाळांपैकी फार तर एक आजारी पडते. बाकीच्यांत त्या पेशी गुपचूप राहतात किंवा नाहीशा होतात.

आजार होण्यासाठी जन्मानंतर आणखी बदल घडावे लागतात. प्रतिपिंडे बनवण्यासाठी बी-पेशी स्वतःचाच डीएनए कापून नव्याने जुळवतात. हे काम रॅग नावाची विकरे (एन्झाइम) करतात. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय विश्लेषणात असे दिसले, की या प्रकारच्या ल्युकेमियात ही विकरे भलत्याच ठिकाणी कापतात आणि पेशीची वाढ आवरणारी जनुके त्यात गळून पडतात. पहिल्या वर्षात साध्या संसर्गांशी फारसा संबंध न आलेल्या मुलाची प्रतिकारयंत्रणा पुढे एखाद्या संसर्गाला अवाजवी प्रतिसाद देते आणि त्यातून हा दुसरा टप्पा घडतो, असे ग्रीव्ह्ज यांचे मत आहे. लहान वयात पाळणाघरात गेलेल्या मुलांतील कमी धोका आणि उंदरांवरील प्रयोग या मताला पाठबळ देतात. तरी ते सिद्ध झाले असे मी म्हणणार नाही.

तान्ह्या बाळांतील एमएलएलचा आजार याला अपवाद आहे. तिथे जन्माआधीचा एकच बदल जवळजवळ पुरेसा ठरतो, म्हणून वार एकच असलेल्या जुळ्यांतील एका बाळाला तो झाला तर दुसऱ्याला होणे जवळपास निश्चित असते. मोठ्या मुलांत हीच शक्यता साधारण दहा-पंधरा टक्के असते.

आता अपराधीपणाबद्दल. ब्रिटिश डॉक्टर ॲलिस स्ट्युअर्ट यांनी १९५०च्या दशकात दाखवून दिले, की गरोदरपणी पोटाचे एक्स-रे काढल्यास मुलाला कर्करोग होण्याचा धोका वाढतो, आणि ती प्रथा पुढे बदलली. पण बहुसंख्य मुलांच्या बाबतीत आईच्या आहाराकडे, कामाकडे किंवा मनःस्थितीकडे बोट दाखवायला कोणताही आधार नाही. गर्भाच्या यकृतात आणि अस्थिमज्जेत अगणित रक्तपेशी विभागत असतात. त्यांतील काहींत सांधे चुकणे हे त्या वाढीचाच भाग आहे. वंशपरंपरेने आलेले दोष थोड्याच कुटुंबांत असतात.

मग प्रत्येक नवजात बाळाची ही तपासणी का करू नये, असे विचारले जाते. माझे उत्तर स्पष्ट नकाराचे आहे: एका आजारी होणाऱ्या मुलासाठी किमान नव्याण्णव निरोगी घरांत भीती शिरेल आणि त्या पेशी सुरक्षितपणे काढून टाकणारा उपचार आज उपलब्ध नाही. डाउन सिंड्रोम (२१वे गुणसूत्र एक जास्त) असलेल्या बाळांची गोष्ट निराळी आहे. त्यांच्यातील काहींत गर्भावस्थेतच जीएटीए-१ जनुकात बदल होऊन जन्मतः ल्युकेमियासारखी स्थिती दिसते. ती बहुधा आपोआप ओसरते, पण त्यांतील काहींना पुढच्या चार वर्षांत खरा ल्युकेमिया होतो. म्हणून या बाळांच्या रक्ताची तपासणी जन्मानंतर पहिल्याच दिवसांत व्हावी, आणि दोष आढळल्यास चौथ्या वाढदिवसापर्यंत ती ठरावीक अंतराने होत राहावी.