कंट्रोलची पावती

श्रोतेहो, नमस्कार.

कंट्रोलच्या, म्हणजे रेशनच्या दुकानात अंगठा लागला की मशीनमधून दोन-अडीच इंच रुंदीची कागदी पट्टी बाहेर येते. बहुतेक वेळा ती दुकानातच राहते, नाहीतर दारापुढच्या नालीत जाते. त्या पट्टीवर तुमच्या कार्डाचा १२ अंकी क्रमांक असतो, दुकानाचा क्रमांक आणि तारीख असते, आणि तुमच्या नावावर किती गहू, किती तांदूळ उचलला गेला तेही छापलेलं असतं. पिशवीत २२ किलो आणि पट्टीवर २५ किलो, असा फरक पडला तर तो दाखवून देणारा दुसरा कागद तुमच्या हाती नसतो. म्हणून आजचं बोलणं या पट्टीपासून सुरू करतो.

राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा २०१३ साली झाला आणि महाराष्ट्रात २०१४ च्या फेब्रुवारीपासून लागू झाला. त्यापूर्वी रेशन ही योजना होती. सरकारला वाटलं तर वाढवायची, वाटलं तर कमी करायची. कायद्यानं तिचा हक्क झाला. अन्न सुरक्षेच्या यादीतल्या प्राधान्य कुटुंबाला माणशी महिन्याला ५ किलो आणि अतिगरीब, म्हणजे अंत्योदय कुटुंबाला महिन्याला ३५ किलो धान्य. आधी तांदूळ ३ रुपये आणि गहू २ रुपये किलो होता, जानेवारी २०२३ पासून हे धान्य पूर्ण मोफत आहे. गहू किती आणि तांदूळ किती, हे त्या महिन्याच्या नियतनाप्रमाणं, म्हणजे सरकारनं ठरवलेल्या वाटपाप्रमाणं बदलतं. माणशी ५ किलोची बेरीज मात्र बदलत नाही. घरात पाच माणसं असतील तर २५ किलो. दर महिन्याला एक किलो कमी मिळालं तर वर्षाचे १२ किलो गेले, म्हणजे जवळपास अर्ध्या महिन्याचं धान्य.

कोरडवाहू कास्तकाराच्या आणि रोजमजुराच्या घरात या २५ किलोचं वजन आषाढ-श्रावणात कळतं. मागच्या पिकाचा पैसा कर्जात आणि बियाण्यात गेलेला असतो, वावरात निंदण चालू असतं आणि झड लागली की मजुरी बंद. त्या दिवसांत कणगीत जे असतं ते कंट्रोलचंच असतं.

आता कार्डाबद्दल. इथं फार घोळ होतो. कार्ड मिळणं आणि धान्य चालू होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. केशरी कार्ड हातात पडलं म्हणजे धान्य मिळेलच असं नाही. त्या कार्डाचा समावेश अन्न सुरक्षेच्या यादीत, प्राधान्य कुटुंब म्हणून, ऑनलाईन व्हावा लागतो. त्यासाठी ग्रामीण भागात वार्षिक ४४,००० रुपयांची उत्पन्न मर्यादा २०१३ साली ठरवली गेली. हिशेब मांडून पाहा. पाच माणसांच्या घरात ही रक्कम माणशी दिवसाला २४ रुपयांच्या आसपास येते. दोन माणसं वर्षातले सहा महिने मजुरीला गेली तरी कागदावर हे घर मर्यादेच्या वर जातं. या मर्यादेनं गरीब ओळखला जात नाही, तो यादीबाहेर काढला जातो, असं आमचं स्पष्ट मत आहे.

आणि मर्यादेत बसूनही पुष्कळांना तहसीलमधून एकच उत्तर मिळतं : इष्टांक शिल्लक नाही. इष्टांक म्हणजे ठरवून दिलेली लाभार्थ्यांची संख्या. साऱ्या महाराष्ट्रासाठी ती ७ कोटी १७ हजार आहे आणि ती २०११ च्या जनगणनेवरून काढलेली आहे. तेव्हापासून घरं वाढली, पोरांची लग्नं झाली, नातवंडं आली. आकडा तिथंच आहे. त्यामुळं नवीन नाव चढतं ते जुनं नाव कमी झालं तरच. गावात मयत झालेल्यांची, लग्न होऊन गेलेल्या मुलींची, कायमचं स्थलांतर केलेल्यांची नावं यादीत राहतात आणि पात्र माणूस बाहेर उभा असतो. ग्रामसभेत गावाची यादी नाव घेऊन वाचायला सांगा. गावाच्या दक्षता समितीचंही हे काम आहे. नाव कमी करण्याचा अर्ज नमुना ९ वर आणि वाढवण्याचा नमुना ८ वर होतो. जागा मोकळी झाली त्याच आठवड्यात वाट पाहणाऱ्यांचे अर्ज तहसीलच्या पुरवठा विभागात पोचलेले असले पाहिजेत.

सगळ्यात जास्त अडकते ती नवी सून. एक आधार दोन कार्डांवर चालत नाही, म्हणून माहेरच्या कार्डातून नाव कमी केल्याचा दाखला आणावा लागतो. दाखला येतो, माहेरचे ५ किलो बंद होतात, आणि सासरच्या तालुक्यात इष्टांक नाही म्हणून नाव चढत नाही. ती बाई दोन्हीकडून तुटते, तेही बहुधा दिवस गेलेले असताना. यावर पक्का तोडगा नाही, पण एक करता येतं. सासरकडचा अर्ज दाखला हाती आल्याच्या दिवशीच द्या आणि पोच घ्या, म्हणजे वाट पाहणाऱ्यांत तिची तारीख मागं पडणार नाही.

अंत्योदयचं वेगळं. ही योजना २५ डिसेंबर २००० रोजी सुरू झाली. भूमिहीन मजूर, आधार नसलेली विधवा, अपंग, निराधार वृद्ध ही घरं तिच्यात येतात. आदिम जमातीचं प्रत्येक घर येतं, म्हणजे आपल्याकडं यवतमाळ-चंद्रपूरचे कोलाम आणि गडचिरोलीचे माडिया. तरीही एखाद्या पोडावर, म्हणजे कोलामांच्या वस्तीवर, प्राधान्य कार्ड असलेलं किंवा कार्डच नसलेलं कोलाम घर सापडलं, तर त्या घरापुरता अर्ज आजच करा. एक बारीक गोष्ट : ३५ किलो घराला मिळतात, माणसाला नाही. आठ माणसांच्या अंत्योदय घराला त्यामुळं प्राधान्यपेक्षा ५ किलो कमी मिळतात. कार्ड विभक्त करायचं असेल तर आधी पुरवठा विभागात विचारा, कारण नवं कार्ड आपोआप अंत्योदय होत नाही.

आता अंगठ्याचं. कापूस वेचणारे हात जवळून पाहा. वाळलेल्या बोंडाची टोकं सुईसारखी होतात. दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत रोज वेचणी करणाऱ्या बाईच्या अंगठ्याची आणि तर्जनीची कातडी आधी चिरते, मग घट्टे पडतात आणि रेषा पुसट होतात. मशीन रेषा शोधतं आणि तिथं रेषाच उरलेल्या नसतात. अशा वेळी हात साबणानं धुऊन कोरडे करा. थंडीनं कातडी फुटली असेल तर बोट ओल्या फडक्यानं पुसा. मशीनची काचही पुसायला सांगा, तिच्यावर आधीच्या पन्नास माणसांचा घाम असतो. मग डाव्या हाताची अनामिका किंवा करंगळी लावून पाहा, ती कामात कमी झिजते. कार्डातल्या दुसऱ्या कुणाचाही अंगठा चालतो. तेही जमलं नाही तर डोळ्याची ओळख किंवा आधारला जोडलेल्या मोबाईलवरचा ओटीपी. वेचणी संपून हात बरे झाले की आधार केंद्रावर बोटांचे ठसे नव्यानं द्या.

इतकं करूनही मशीननं नाकारलं तर? केंद्राच्या अन्न विभागानं ऑक्टोबर २०१७ मध्ये सगळ्या राज्यांना कळवलं आहे की आधार नाही किंवा ठसा जुळत नाही एवढ्या कारणावरून कुणाचं धान्य अडवू नये, दुसऱ्या पुराव्यावर द्यावं. दुकानदार प्रत्येक वेळी खोटं बोलत असतो असं नाही. रेंज जाते, सर्व्हर बंद पडतो, धान्यच उशिरा येतं. पण त्याची अडचण हे तुमचा हक्क बुडण्याचं कारण होऊ शकत नाही.

ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ओळख पटवून देणं, ही या महिन्याच्या अंगठ्याहून वेगळी गोष्ट आहे. ती कार्डातल्या प्रत्येक माणसाची स्वतंत्र करावी लागते, कोणत्याही रेशन दुकानात होते आणि तिला पैसे पडत नाहीत. लहान मुलांची इथं नेहमी अडते. मूल ५ वर्षांचं आणि पुन्हा १५ वर्षांचं झालं की आधारमध्ये त्याचे ठसे घ्यावे लागतात. ते राहिले असतील तर दुकानात कितीही वेळा बोट लावा, जुळणार नाही. आधी आधार केंद्र, मग दुकान.

केशरी कार्डवाल्या कास्तकारांसाठी दोन शब्द. अमरावती विभागाचे पाचही जिल्हे, वर्धा आणि मराठवाडा मिळून १४ जिल्ह्यांत अन्न सुरक्षेत न बसलेल्या शेतकरी कुटुंबांना २०२३ पासून धान्याऐवजी बँकेत पैसे लागू झाले. माणशी महिना १५० रुपये, पुढं ते १७० झाले. ५ किलोला १७० म्हणजे किलोमागं ३४ रुपये. हे पैसे कुटुंबप्रमुख बाईच्या खात्यात येतात. तिचं खातं बंद पडलेलं असेल किंवा आधारशी जोडलेलं नसेल तर पैसे येत नाहीत आणि कुणी कळवायलाही येत नाही. पासबुक भरून आणा.

आणि नकाराबद्दल. 'तुमचं नाव ऑनलाईन नाही', 'पुढच्या महिन्यात या', 'वरून आलं नाही' हे सगळे तोंडी नकार आहेत. तोंडी नकारावर अपील करता येत नाही. म्हणून साध्या कागदावर चार ओळी लिहा : कार्डाचा १२ अंकी क्रमांक, दुकानाचा क्रमांक, कोणत्या महिन्याचं किती धान्य मिळायला हवं होतं, किती मिळालं, काय उत्तर दिलं. दोन प्रती करा. एक पुरवठा विभागात द्या, दुसरीवर आवक क्रमांक, शिक्का आणि तारीख घ्या. तिथं काही झालं नाही तर जिल्ह्याला तक्रार निवारण अधिकारी आहे आणि त्याच्यावर राज्य अन्न आयोग. कायद्याच्या कलम ८ प्रमाणं हक्काचं धान्य दिलं गेलं नाही तर अन्न सुरक्षा भत्ता मागता येतो, अर्जात ते कलम लिहाच. कार्डाचा अर्ज मुदतीत निकाली निघाला नाही तर २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याखाली ३० दिवसांत पहिलं अपील करता येतं. हेल्पलाईन १९६७ आणि १८००-२२-४९५० आहे. फोन केला तर तक्रार क्रमांक मागून घ्या आणि पावतीच्या मागंच लिहा.

पावती उष्णतेवर छापलेली असते, उन्हात आणि घामात तिची अक्षरं उडतात. घरी आल्यावर तिचा फोटो काढा, किंवा कार्डाच्या मागच्या पानावर तारीख आणि किलो पेनानं उतरवा. वजन होण्याआधी काटा शून्यावर आहे का ते पाहा, आणि बारदान्याचं वजन तुमच्या धान्यात धरलं जात नाही ना, तेही पाहा.

माघात चंद्रपूर-गडचिरोलीतून मिरची तोडायला तेलंगणात टोळ्या जातात, मेळघाटातून वीटभट्ट्यांवर माणसं जातात. तुमचं धान्य तिथल्या रेशन दुकानातही मिळतं. तिथं गेलेल्यानं आपल्या वाट्याचं उचलावं, घरी राहिलेल्या म्हाताऱ्यांनी उरलेलं इथं घ्यावं, अशी विभागणी चालते. त्यासाठी आधार जोडलेलं हवं आणि कार्डाचा १२ अंकी क्रमांक जाणाऱ्याजवळ लिहिलेला हवा. गाडीत बसण्याआधी तो क्रमांक मुकादमाच्या वहीत नाही, स्वतःच्या खिशात आहे ना, ते बघा.