टेबल म्हणजे नक्की काय? आपल्याकडे एक, अमेरिकेत दुसरंच

नमस्कार मंडळी! आज एकच शब्द घेतलाय, टेबल. तुम्ही म्हणाल यात काय समजवायचंय, बालवाडीतलं पोरगं पण सांगेल. थांबा जरा.

समजा अमेरिकन टीमबरोबर कॉल चालू आहे आणि समोरचा म्हणाला, 'लेट्स टेबल धिस.' तुम्ही घाईघाईने फाईल उघडताय आणि तो पुढच्या विषयावर गेला पण! कारण तिकडे टेबल करणं म्हणजे विषय बाजूला ठेवणं, आणि त्यांच्या संसदेत तर ठराव टेबल झाला की समजा बारगळलाच. ब्रिटनमध्ये बरोब्बर उलटं, टेबल केलं म्हणजे चर्चेला आणलं. आपली संसदेची पद्धत ब्रिटिशांचीच, त्यामुळे बातम्यांत 'अहवाल सभागृहाच्या पटलावर ठेवला' ऐकता ना, ते पटल म्हणजे हेच टेबल.

यावरून दुसऱ्या महायुद्धात खरंच जुंपली होती, चर्चिलनेच लिहून ठेवलंय. ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्यांना एक कागद तातडीने चर्चेला घ्यायचा होता, ते म्हणाले टेबल करू, अमेरिकनांना वाटलं हे तो ड्रॉवरमध्ये टाकून विसरायचं म्हणतायत, मग बराच वेळ कडाक्याची वादावादी, आणि शेवटी कळलं की दोघांनाही तेच हवंय. एकाच बाजूने लढत होते बरं का हे! म्हणून सांगतो, मेलमध्ये सरळ डिस्कस नाहीतर पोस्टपोन लिहा.

मूळ शब्द लॅटिन, टॅब्युला, म्हणजे फळी. फळीवर लिहायचे म्हणून तक्ता पण टेबल, पाढे पण टेबल, मेंडेलीव्हची 1869 ची आवर्तसारणी पण टेबलच. आपल्या 'पट'सारखंच की, बुद्धिबळाचा पट वेगळा आणि शाळेचा पट वेगळा. छोटी फळी ती टॅब्लेट, त्यावरून औषधाची गोळी, आता हातातली स्क्रीन. आणि भारी म्हणजे, 1884 मध्ये बरोज वेलकम या औषध कंपनीने आपल्या दाबून केलेल्या गोळ्यांसाठी 'टॅब्लॉइड' हे नाव रजिस्टर केलं, पुढे आटोपशीर असेल त्याला लोक टॅब्लॉइड म्हणायला लागले आणि ते चिकटलं मसालेदार बातम्यांच्या छोट्या पेपरला!

टेबलाखालून काय चालतं ते मी समजवायची गरज नाही, पुढे जाऊ.

'टर्न द टेबल्स' मधलं टेबल मात्र फर्निचर नाही. बॅकगॅमनसारख्या, फासे टाकून सोंगट्या हलवायच्या खेळांना पूर्वी टेबल्स म्हणायचे, आता पट फिरवून बघा, हरणाऱ्याच्या सोंगट्या समोरच्याच्या, जिंकणाऱ्याच्या तुमच्या. आपण काय म्हणतो? डाव उलटला.