पोटरीचे तंतू आणि मोबाइलमधला तक्ता

मागच्या महिन्यात जिममधला एक मुलगा मोबाइल पुढे धरून आला. पडद्यावर तक्ता होता: ट्रायसेप्सला, म्हणजे दंडाच्या मागच्या स्नायूला, सहा रेप्स (आवर्तनं), पोटरीला पंचवीस. कारण काय, तर ट्रायसेप्सचे स्नायुतंतू जलद आणि पोटरीचे मंद. "सर, हे खरंय का?"

कारण बऱ्यापैकी खरं आहे, मंडळी. पोटरीत दोन मुख्य स्नायू. वरचा, फुगीर दिसणारा गॅस्ट्रोक्नेमियस; त्यात मंद आणि जलद तंतू साधारण निम्मे निम्मे. त्याच्या आतला सोलियस मात्र बहुतांश मंद तंतूंचा. मी इथे उभा राहून बोलतोय तोवर तो राबतोच आहे. मंद तंतूचा जोर कमी, पण दम दांडगा. जलद तंतूचं नेमकं उलट.

पण यावरून तो तक्ता निघतो का? 2020 साली व्यायामाचे संशोधक ब्रॅड शोनफेल्ड आणि सहकाऱ्यांनी हेच तपासलं. एका पोटरीला जड वजन, दुसरीला हलकं, आणि सेट दोन्हीकडे दमेपर्यंत. दोन्ही स्नायू दोन्ही वजनांनी जवळपास सारखेच वाढले.

यात जादू काही नाही. मज्जारज्जू तंतूंच्या तुकड्या कामाला लावतो त्या लहानापासून मोठ्याकडे. तालमीत बैठका मारणारा बघा. पहिल्या पन्नास गप्पा मारत होतात. शेवटच्या दहाला मांड्या थरथरतात, तोंड बंद होतं. तोवर मोठ्या, जलद तुकड्याही रिंगणात आलेल्या असतात. जड वजनाला त्यांना आधीच बोलावणं जातं, एवढाच फरक. मात्र जास्तीत जास्त वजन उचलायची ताकद हवी असेल, तर तंतू कुठलेही असोत, जडच उचलायला लागतं.

शिवाय आपले तंतू कुठले, हे कळणार कसं? नीट पाहायचं तर मांडी बधिर करून, छेद देऊन, जाड सुईने भाताच्या शितासारखा तुकडा काढतात. तोही त्या एकाच जागेचा. जिममध्ये दुसरी युक्ती चालते: कमाल वजनाच्या 80 टक्के घ्या, रेप्स मोजा, कमी निघाल्या तर तुम्ही 'फास्ट', म्हणजे जलद तंतूंचे. त्यात सवय, तंत्र, जिद्द सगळंच मोजलं जातं. या चाचणीवरून कुणाचा वर्षाचा कार्यक्रम ठरवणं मला तरी हातचलाखी वाटते.

एका बाबतीत मात्र मी तंतूंचं ऐकतो: विश्रांती. बेल्जियममधल्या गेंटच्या संशोधकांनी मंद तंतू जास्त असलेले आणि जलद जास्त असलेले असे दोन गट सायकलवर तीस-तीस सेकंद, तीनदा, जीव तोडून पळवले. पहिला गट वीस मिनिटांत ताळ्यावर आला. दुसरा पाच तासांनीही पुरता सावरला नव्हता. म्हणून एखादा स्फोटक, झटक्यात जोर काढणारा पोरगा जोरदार दिवसानंतर मलूल दिसला, तर मी त्याला आळशी म्हणत नाही. त्याचा पुढचा जड दिवस लांबवतो.

आणि तो मोबाइलवाला? त्याला म्हटलं, पायरीवर उभा राहा, पोटरी मारून दाखव. पंचवीस झाल्या, पण टाच एकदाही पायरीच्या खाली गेली नव्हती. म्हटलं, आता टाच पार खाली सोड, क्षणभर थांब, मग वर ये.

अकराव्याला उतरला आणि भिंत धरून उभा राहिला.