थेंबाचा माग

रात्रभर एकाच जागी उभी असलेली मोटार सकाळी पुढे घेतली, की कधी कधी जमिनीवर नाण्याएवढा काळपट डाग दिसतो. बोटावर घेऊन चोळला तर तो बुळबुळीत लागतो आणि नुसत्या पाण्याने निघत नाही. एसीचे पाणी असे नसते, आणि हिरवट किंवा गुलाबी रंगाचे कूलंटही असे नसते. हे इंजिन ऑइल आहे.

डाग जिथे पडला, त्याच्या नेमके वरच बिघाड असेल असे मात्र समजू नये. गळणारे तेल इंजिनाच्या अंगावरून ओघळते, गाडी धावत असताना खालून जाणारा वारा त्याला मागे ढकलतो आणि अखेर ते चेंबरच्या, म्हणजे इंजिनाच्या तळाशी तेल साठवणाऱ्या भांड्याच्या, सर्वांत खालच्या कडेला जमून ठिबकते. चेंबर त्यामुळे पुष्कळदा विनाकारण बदनाम होते. जाणता मेकॅनिक आधी इंजिन बाहेरून स्वच्छ पुसून घेतो, गाडी थोडा वेळ चालवतो आणि मग बॅटरीच्या उजेडात वरून खाली पाहत येतो. ज्या सर्वांत उंच जागी ओल दिसेल, तिथून शोध सुरू होतो.

ही जागा बहुधा टॅपेट कव्हरची, म्हणजे इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणाची, कड असते. इंजिन तापले की धातू प्रसरण पावतो, थंड झाले की आकसतो, आणि मधल्या रबरी पॅकिंगला हा ताण वर्षानुवर्षे सोसावा लागतो. खोलून काढलेल्या जुन्या पॅकिंगचा तुकडा पाहा: नवा असताना हवा तसा वळत होता, आता वाकवताच कटकन मोडतो. हेच म्हातारपण क्रँकशाफ्टच्या, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात त्या मुख्य दांड्याच्या, टोकांशी तेल अडवणाऱ्या रबरी ऑइल सीललाही येते. जुने तेल काढण्यासाठी असलेल्या ड्रेन बोल्टचा जुना वॉशर पुन्हा वापरणे, किंवा ऑइल फिल्टर बदलताना जुन्या फिल्टरचे रबर इंजिनालाच चिकटून राहिलेले न पाहता त्यावर नवा फिल्टर आवळणे, ही कारणे निव्वळ हलगर्जीपणाची आहेत. बोल्ट गरजेपेक्षा जास्त आवळल्यानेही कव्हर वाकते आणि गळती थांबण्याऐवजी वाढते.

एका कारणाकडे मात्र फारसे कुणाचे लक्ष जात नाही. पिस्टनच्या रिंगांमधून ज्वलनाचे थोडे वायू नेहमीच खाली चेंबरकडे निसटत असतात आणि ते पीसीव्ही व्हॉल्व्ह नावाच्या छोट्या झडपेवाटे पुन्हा इंजिनात हवा जाण्याच्या मार्गात ओढले जातात. हा व्हॉल्व्ह किंवा त्याची नळी काजळीने चोंदली, तर आत दाब साठतो आणि तो चांगल्या सीलमधूनही तेल बाहेर लोटतो. अशा गाडीत सील बदलले, तरी गळती काही दिवसांतच परत येते, आणि दोष नाहक नव्या सीलच्या माथी मारला जातो.

गळतीचा पहिला धोका आगीचा. इंजिन ऑइलची वाफ साधारण 200 अंश सेल्सिअसच्या पुढे ठिणगीने पेटू शकते, तर जोरात चाललेल्या इंजिनाच्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डचे, म्हणजे जळलेले वायू बाहेर नेणाऱ्या नळ्यांचे, तापमान त्याच्या दुपटीहूनही वर जाते. त्यावर एखादा थेंब पडला तर बहुतेक वेळा जळका वास आणि निळसर धूर एवढ्यावरच भागते; पण तो वास गाडीत येऊ लागला, तर प्रवास पुढे रेटू नये.

दुसरा धोका आवाज न करता येतो. क्रँकशाफ्ट आणि त्याच्या बेअरिंगमध्ये केसाहूनही पातळ असा तेलाचा थर असतो आणि सगळा भार त्यावरच पेलला जातो. तेल इतके कमी झाले की पंप वळणावर हवा ओढू लागतो, तेव्हा हा थर तुटतो, धातू धातूवर घासतो आणि अखेर इंजिन जाम होते. डॅशबोर्डवरचा तेलाच्या किटलीचा लाल दिवा वेळीच सावध करील, असे अनेकांना वाटते. हा समज महागात पडतो, कारण तो दिवा पातळी नव्हे, तेलाचा दाब दाखवतो. चालत्या गाडीत तो पेटला, तर गाडी सुरक्षित जागी घेऊन इंजिन तत्काळ बंद करावे. पुढच्या गॅरेजपर्यंत जाऊन पाहू, असे म्हणू नये.

याशिवाय क्रँकशाफ्टच्या मागच्या सीलमधून गळणारे तेल क्लच प्लेटवर गेले तर क्लच घसरतो, आणि टायमिंग बेल्ट किंवा इंजिन माउंटिंगचे रबर तेलाने फुगून लवकर निकामी होते.

तेलाची पातळी पाहण्याचे काम डिपस्टिकचे, म्हणजे इंजिनात खोवलेल्या मोजपट्टीचे. गाडी सपाट जागी उभी करून, इंजिन बंद केल्यावर पाच-दहा मिनिटे थांबून ती काढावी, पुसावी, पुन्हा पूर्ण आत घालून मग वाचावी. तिच्यावरच्या दोन खुणांमधले अंतर बऱ्याच मोटारींत सुमारे 1 लिटरचे असते. दर आठवड्याला ही पातळी टिपून ठेवली, तर गळती किती वेगाने वाढते आहे हे मेकॅनिकला सांगता येते, आणि सीलला हात घालण्यापूर्वी पीसीव्ही व्हॉल्व्ह तपासलात का, हेही त्याला विचारता येते.