पाना कोणाच्या हातात?

भायखळ्यातील एका चर्चच्या सभागृहात, युगांडात हापसे, म्हणजे हातपंप, दुरुस्त करण्याच्या सेवेसाठी निघालेल्या प्लंबर, फिटर, वेल्डर आणि इलेक्ट्रिशियन मंडळींसमोर झालेल्या व्याख्यानाचं हे संपादित रूप.

पाळकसाहेब, भगिनींनो आणि बंधूंनो,

पत्रिकेवर विषय छापलाय, ‘जाताना पिशवीत काय घ्यावं’. त्यावर येतोच. आधी बायबलमधलं नहेम्याचं पुस्तक उघडू या. यरुशलेमचा तट ५२ दिवसांत उभा राहिला, हे आपल्याला पाठ असतं. दुसरा अध्याय मात्र आपण भरभर वाचतो. नहेम्या शहरात पोचला, तीन दिवस राहिला आणि मग रात्री मोजकी माणसं घेऊन पडका तट बघत फिरला. आपल्या मनात काय आहे ते कोणाला सांगितलं नाही. एका ठिकाणी त्याच्या जनावराला पुढे जायला वाटच उरली नव्हती, तेही लिहून ठेवलंय. पाहणी अशी करतात, मंडळी. पाना काढायच्या आधी.

तिसरा अध्याय म्हणजे हजेरीपट. सोनार आहेत, सुगंधी द्रव्यं करणारे आहेत, व्यापारी आहेत. शल्लूम तर आपल्या मुलींना घेऊन आलाय. आणि पुन्हा पुन्हा एकच गोष्ट येते, की माणसांनी आपापल्या घरासमोरचा भाग दुरुस्त केला. पुढे तिथे एक चिरा जरी हलला, तरी पहिल्यांदा कोणाला दिसणार? घर समोर आहे त्यालाच.

माझं सगळं म्हणणं एवढंच आहे. हापशाचा पाना हापशासमोर राहणाऱ्याच्या हातात हवा, आपण शेजारी उभं राहायचं.

आता हापशाची गोष्ट, कारण तिथे गावोगाव तुम्हाला भेटणारा हापसा तुमच्याच मुलखातला आहे. १९६६-६७ च्या दुष्काळानंतर आपल्याकडे खडकात बोअर मारायचं काम जोरात सुरू झालं. बोअर झाले, पण वर बसवले ते बिडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे, पंप. परदेशात एका शेतकऱ्याच्या कुटुंबासाठी घडलेला नमुना, आणि इथे त्याच्यावर पहाटेपासून रात्रीपर्यंत अख्खं गाव. पिना झिजायच्या, दांडे मोडायचे. १९७४ च्या सुमारास पाहणी झाली तेव्हा चारातले तीन पंप बंद निघाले.

जालन्यात मिशनचं बोअरचं काम चालायचं. तिथल्या मंडळींनी ओतीव लोखंड सोडून पोलादाचं डोकं, म्हणजे पंपाचा वरचा भाग, बनवलं. सोलापुरात ते आणखी मजबूत झालं आणि ‘सोलापूर पंप’ हे नाव पडलं. त्याच्या घडणीत हाताने शिकलेल्या मेकॅनिकचा मोठा वाटा होता. इथे बसलेल्या कोणाला आपल्याकडे डिप्लोमा नाही म्हणून संकोच वाटत असेल, त्याने हे लक्षात ठेवावं. पुढे सरकार, युनिसेफ आणि आपल्या भायखळ्यातून सुरू झालेली रिचर्डसन अँड क्रुडास, तिच्या मद्रासच्या कारखान्यामार्फत, यांनी सोलापूर पंपावरून ‘इंडिया मार्क टू’ तयार केला. युगांडात त्याचाच भाऊबंद ‘यू टू’ म्हणून चालतो.

सोलापूरची करामत आहे साखळीत. जुन्या पंपात खाली पिस्टनपर्यंत जाणारी सळई थेट दांड्याला पिनने अडकवलेली असायची. दांडा कमानीत फिरतो, म्हणून सळईसुद्धा डावी-उजवी ओढली जायची. सोलापूरवाल्यांनी दांड्याच्या टोकाला गोल पाठीचा तुकडा दिला आणि त्यावरून साखळी सोडली. सळई सरळ वर, सरळ खाली. पण साखळी फक्त ओढते, ढकलत नाही. पिस्टन खाली येतो तो सळयांच्या वजनाने. म्हणून पाणी उथळ असेल तिथे वजन कमी पडतं, साखळी ढिली होते आणि घडी घालते. हा बिघाड नव्हे, खोलीचा हिशेब आहे. साखळी बदलून काही होणार नाही.

आता जमिनीखाली उतरू. मार्क टूचं सिलिंडर, म्हणजे ज्यात पिस्टन वर-खाली होतो ते नळकांडं, आतून साडेत्रेसष्ट मिलिमीटर, पिस्टनची चाल १२५ मिलिमीटर. गुणाकार केला की दांड्याच्या एका फेरीला जवळजवळ ०.४ लिटर. मिनिटात ४० वेळा हापसलं तर कागदावर १५-१६ लिटर. बादली ठेवा आणि मोजा. १० लिटरच्या खाली आलं तर कप वायसर, म्हणजे पिस्टनवरच्या वाटीसारख्या चकत्या, गेले. दुसरी चाचणी त्याहून सोपी. अर्धा तास कोणी हात लावायचा नाही, मग हापसायचं. पाचपेक्षा जास्त फेऱ्यांनंतर पाणी आलं तर खालचा व्हॉल्व्ह किंवा पाइपाचा एखादा जोड गळतोय. या दोन चाचण्यांना एकही नट उघडावा लागत नाही. नहेम्याचे तीन दिवस यात घाला.

उघडायचा झाला तर मार्क टू दमवतो. ३० मीटरला ३ मीटरचे दहा पाइप. ३२ मिलिमीटरचा जीआय, म्हणजे जस्त चढवलेला लोखंडी, पाइप मीटरला तीन किलोंच्या वर, म्हणजे नव्वद-पंच्याण्णव किलो. सळया पंचवीस-सत्तावीस किलो. पाइपात पाणी मीटरला लिटरभर. सगळं मिळून दीडशे किलो, एका क्लॅम्पवर, म्हणजे पाइप पकडणाऱ्या शिकंज्यावर, टांगलेलं. क्लॅम्पच्या दाढा झिजलेल्या असतील तर हे सगळं बोअरमध्ये जातं, आणि ते गळ टाकून काढण्यात तुमचा आठवडा जातो. म्हणून पहिला पाइप उचलायच्या आधी क्लॅम्प साफ करा, दाढांतलं ग्रीस पुसा.

कप वायसरचा उघडा भाग वर. वरच्या पाण्याचा भार वाटीत बसला की तिचा काठ फाकून भिंतीला चिकटतो. उलटा बसवला तर काठ आत दबतो आणि पाणी वर येईना होतं. मग दोष सिलिंडरला दिला जातो. चामड्याचा असेल तर आदल्या रात्री भिजवून ठेवा, रबराचा असेल तर गरज नाही. वरची शेवटची सळई जागेवर मोजून कापायची आणि एम १२ चा, म्हणजे १२ मिलिमीटरचा, आटा पाडायचा. लांब राहिली तर साखळी सैल आणि दर फेरीला ठोका.

आता पाइपाविषयी, कारण इथे आपलं प्रेमच नुकसान करू शकतं. नागदेवी स्ट्रीटवरून जीआय पाइप घेऊन निघावं असं वाटणारे इथे असतील. थांबा. जिथे पाण्याचा सामू (पीएच) साडेसहाच्या खाली, म्हणजे पाणी आम्लधर्मी, आहे तिथे जस्त निघून जातं, लोखंड विरघळतं, पाणी चहासारखं येतं, कपडे डागाळतात आणि बायका पुन्हा ओढ्यावर जातात. २०१६ मध्ये युगांडाच्या पाणी खात्याने हापशांसाठी जीआय पाइप थांबवायला सांगितलं. तिथे आता स्टेनलेस पोलाद किंवा यूपीव्हीसी, म्हणजे कडक प्लास्टिक. दोष पाण्याचा की पाइपाचा हे असं ओळखायचं. पहाटेचं पहिलं पाणी बाटलीत घ्या, तासभर सलग हापसून दुसरी बाटली भरा. दुसरी स्वच्छ असेल तर गंज पाइपाचा.

(इथे दारातून गायनवृंदाच्या सरावाची वेळ झाल्याची सूचना आली.)

बरं. पिशवी. भराभर सांगतो, लिहून घ्या.

सुटे भाग शक्यतो नेऊ नका, तिथलेच घ्या. तुम्ही नेलेला भाग तिथल्या दुकानात मिळत नसेल तर पुढच्या बिघाडाला हापसा बंद. न्यायची ती मोजमापाची साधनं आणि हत्यारं: कॅलिपर, टेप, सामूच्या पट्ट्या, १७-१९ चा पाना, आटा पाडायची एम १२ ची डाय, वायर ब्रश, ग्राफाइट ग्रीस. तिथे विजेला चौकोनी तीन पिनांचा ब्रिटिश प्लग लागतो, आपला बसत नाही. २४० व्होल्ट, ५० हर्ट्झ, त्यामुळे यंत्रं चालतात. ड्रिलचं अंग चेक-इन सामानात, सुट्या लिथियम बॅटऱ्या हातातल्या बॅगेत.

बोअर उघडला की क्लोरीन टाकल्याशिवाय बंद करायचा नाही. ३३ टक्क्यांची ब्लीचिंग पावडर, हजार लिटरला ३०० ग्रॅम. दीडशे मिलिमीटरच्या बोअरमध्ये मीटरला साडेसतरा लिटर पाणी धरा. पाण्याची उभी उंची ३० मीटर असेल तर दीडशे-एकशेसाठ ग्रॅम. रात्रभर ठेवा, दांडा साखळीने बांधून टाका, सकाळी वास जाईपर्यंत हापसून फेका. कोणी तरी पहाटे पाण्याला येणारच, म्हणून आदल्या संध्याकाळी घरोघरी सांगा.

तिथे हातपंप मेकॅनिकांच्या जिल्हावार संघटना आहेत. पहिल्या दिवशी त्यांच्याकडे जा. त्यांचा मेकॅनिक मजुरी घेऊन जे काम करतो ते आपण फुकट केलं, तर आपण परतल्यावर त्याला कोण बोलावणार? त्याचा दिवसाचा पगार आपल्या वर्गणीत धरा. पाना त्याच्याकडे, क्लॅम्प धरायला आपण. आणि गावातल्या दोन बायकांना, शल्लूमच्या मुलींसारखं, दोन्ही चाचण्या शिकवून या.

व्हिसा कोणत्या कामासाठी आहे ते नीट वाचा. पिवळ्या तापाची लस निघायच्या निदान दहा दिवस आधी. ते पिवळं कार्ड परत येताना इथल्या विमानतळावरही बघतात. ज्यांची राहिलीय त्यांनी जाताना पाळकसाहेबांकडे नाव द्या. टेबलावर जुनं सिलिंडर उघडून ठेवलंय, एक वायसर मुद्दाम उलटा आहे. पुढे या आणि हात लावून बघा.