वळेनाशी झालेली मान

गवत खाण्यासाठी घोडा मान खाली घालतो, ही हालचाल इतकी रोजची आहे की तिच्याकडे कोणी मुद्दाम पाहत नाही. या घोड्याकडे मात्र नीट पाहा. तोंड जमिनीला टेकवण्यासाठी त्याने पुढचे दोन्ही पाय फाकवले, गुडघे किंचित वाकवले आणि दोनच घास घेऊन डोके वर उचलले. डावीकडे वळायला तो कांकू करू लागला, तेव्हा स्वाराने त्याला हट्टी ठरवले. दुखणाऱ्या जनावराला हट्टी म्हणणे हा त्याच्यावर अन्याय आहे.

घोड्याच्या मानेत माणसासारखेच 7 मणके असतात. ते आयाळीच्या कडेने असावेत असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात आयाळीखाली एक दणकट अस्थिबंध असतो आणि मणक्यांची रांग डोक्यामागून निघून खांद्याकडे जाताना मानेच्या खालच्या अंगाला उतरते. तिथेच, पाचव्या ते सातव्या मणक्यांमधले छोटे सांधे झिजण्याचे प्रमाण अधिक असते. पुढच्या पायाकडे जाणाऱ्या चेतातंतूंची मुळे याच भागातून बाहेर पडत असल्यामुळे घोडा कधी कधी पुढच्या पायाने लंगडतो, आणि पाय सुन्न करून तपासले तरी ते लंगडणे थांबत नाही.

दात, लगाम, खोगीर आणि मानेत दिलेल्या इंजेक्शनची गाठ ही कारणे आधी तपासावीत. मग पशुवैद्य गाजर दाखवून मान वळवायला लावतात. निरोगी घोडा मान कमानीसारखी वाकवतो. दुखणारा घोडा नुसते डोके तिरके करतो, एक कान खाली झुकतो, किंवा अख्खे अंगच फिरवतो. त्याला लहान वर्तुळात चालवताना मागचा पाय बाहेर भिरकावला जात असेल, किंवा चालताना शेपूट बाजूला ओढताच तोल जात असेल, तर मज्जारज्जूवर दाब असण्याची शंका घ्यावी आणि तपासणी पुरी होईपर्यंत त्याच्यावर कोणीही बसू नये.

एक्स-रे आवश्यक आहे, पण तो एकटा पुरत नाही. झीज दिसूनही काही घोडे सुखाने काम करतात. म्हणून चित्रात दिसलेले आणि अंगात आढळलेले जुळते का, हे पाहावेच लागते. गरज पडल्यास सोनोग्राफी आणि सीटी स्कॅन करतात.

सांधा दुखत असल्याची खात्री झाली की सोनोग्राफीत सुई पाहत सांध्यात स्टेरॉइड देतात. त्याने सूज ओसरते, झीज मात्र भरून येत नाही. शिवाय खुरांच्या दाहाचा पूर्वेतिहास असलेल्या घोड्याला हे औषध फार जपून द्यावे लागते. मज्जारज्जूवर दाब असलेल्या निवडक घोड्यांमध्ये शस्त्रक्रियेने मणके जोडतात.

दुखणे उतरल्यावर खरे काम सुरू होते. पशुवैद्यांनी परवानगी दिली की तेच गाजर आता व्यायामासाठी वापरायचे: आधी छातीपाशी, मग बरगडीपाशी, काही दिवसांनी पुढच्या खुरांच्या मध्ये. मणक्यांना लगटून असलेले खोल स्नायू यातून बळकट होतात. घोड्याला ओढून ताणायचे नाही. तो आपणहून जिथवर पोहोचेल, तिथवरच गाजर न्यायचे.